ढीग मोठा की वजन मोठं: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि कालचा दिवसभर ती डोक्यात होती. ‘सगळ्यात मोठे ग्रह’ या माझ्या लेखाखाली तुम्ही दारव्ह्याकडून जे लिहिलं, ते आधी जसंच्या तसं इथे ठेवतो. बाकीच्यांनाही कळू द्या मी कशाबद्दल बोलतोय.

“आधी म्हन्ता गुरू सगळ्यात मोठा, मंग म्हन्ता दुसरा एक त्याच्या दुप्पट. वजनात मातर तो गुरूच्या निम्मा. युरेनस-नेपच्यूनचंई तसंच, वर एक लिवलं, खाली दुसरं. लिवनाऱ्यालेच समजलं नाई तं वाचनाऱ्याले काय समजन? नेटवर दहा याद्या पाह्यल्या, दहाई जागी येगयेगळं नाव. कोनी तिथं गेलं नाई, कोनी काट्यावर ठेवलं नाई, सारं अंदाजपंचे. अन् इथं कापसाले भाव नाई, रातभर हरभऱ्याले पानी द्या लागते. आमच्या लेकराईले याचा काय उपेग?”

युरेनस-नेपच्यूनबद्दल तुम्ही मला बरोबर पकडलं. लेखात वर मी युरेनसला सूर्यमालेतला तिसरा मोठा ग्रह म्हटलं आणि चार परिच्छेदांनंतर तोच मान नेपच्यूनला दिला. युरेनसचा विषुववृत्तावरचा व्यास ५१,११८ किलोमीटर आहे, नेपच्यूनचा ४९,५२८. म्हणजे अंगानं युरेनस मोठा. पण युरेनसचं वजन पृथ्वीच्या साडेचौदा पट आणि नेपच्यूनचं सतरा पट आहे. वर लिहिताना माझ्या डोळ्यापुढे व्यास होता, खाली लिहिताना वजन, आणि माप बदललं हे मी वाचणाऱ्याला सांगितलंच नाही. ही चूक माझी आहे. ती मला जास्त लागली, कारण अठरा वर्षं मी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली आहेत. ढीग आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. (शाळेच्या पुस्तकात याला वस्तुमान म्हणतात. मी काट्यावरचा माणूस, या उत्तरात वजनच म्हणतो.)

तुम्हीही कापूस पिकवता, म्हणून तिथूनच सांगतो. आमच्या भागात तो एकच मोठा काटा होता, त्यामुळे कापसाबरोबर सोयाबीन, तूर, रस्त्याच्या कामाची गिट्टी, सगळं तिथेच तोललं जायचं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. चारी बाजूंनी उंच फळ्या, वर जाळी बांधलेली, दुरून पाहिलं तर टेकडीच चालत येतेय असं वाटतं. तिच्यामागे गिट्टीचा ट्रॅक्टर उभा असतो, ट्रॉली अर्धीसुद्धा भरलेली नाही. काट्यावर चढले की गिट्टीवाला जड. मग तोच कापूस आत जातो, सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. खोलीभर फुगून पसरलेली ती रुई प्रेसमध्ये दाबली की १७० किलोची एक गठाण बाहेर येते, ताठ आणि घट्ट. रुई तीच, वजन तेच, ढीग कुठे गेला?

गुरू आणि शनी हे दोघे याच जातीचे आहेत. ते मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत, दाबलं की दबणारे. पृथ्वी गिट्टीतली म्हणा. आता शनी घ्या. त्याचं वजन पृथ्वीच्या ९५ पट. गुरूचं ३१८ पट. म्हणजे गुरूत शनीपेक्षा सव्वातीन पटीहून जास्त माल आहे. शनीचा व्यास १,२०,५३६ किलोमीटर. माल त्याच सैलपणानं भरला असता तर हिशोबानं गुरूचा व्यास शनीच्या दीडपट, म्हणजे एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास यायला हवा होता. प्रत्यक्षात तो १,४२,९८४ आहे. मधले सदतीस हजार किलोमीटर दाबात गेले. गुरूनं स्वतःच्याच वजनानं स्वतःला दाबलं आहे. शनीची सरासरी घनता पाण्याच्या ०.६९ पट, साधारण वाळलेल्या सागाच्या लाकडाइतकी. गुरूची १.३३, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

पुढची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक बंद करून अंगणात फेऱ्या मारल्या होत्या. समजा गुरूवर आणखी माल टाकत गेलो. दुप्पट, पाचपट, दहापट. माणसाला वाटतं तो फुगत जाईल. तो फारसा फुगत नाही. गुरूच्या वजनाच्या पुढे, थेट सत्तर-ऐंशी पटीपर्यंत, आकार गुरूच्याच आसपास रेंगाळतो, आणि बराच वेळ तर थोडा कमीच होतो. २०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी एका ताऱ्याची माहिती दिली. त्याचं नाव लांबलचक आहे, ईबीएलएम जे०५५५-५७ एबी. त्याचं वजन गुरूच्या सुमारे ८५ पट आणि आकार शनीपेक्षा थोडाच मोठा. भाऊ, तो तारा आहे! त्याच्या पोटात हायड्रोजन जळतो, तो स्वतःच्या उजेडानं चमकतो, आणि आपल्या गुरूशेजारी ठेवला तर गुरूच मोठा दिसेल. घरातल्या कापसाची उपमा मी इथे सोडतो, कारण कापसाचं असं होत नाही. आतला दाब इतका वाढतो की अणूंमधले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या जागेत घुसायला नकार देतात, आणि ग्रहाला तोलून धरण्याचं काम तेच करू लागतात. अशा अवस्थेत नवा माल वर चढला की आतला आणखी आक्रसतो.

मग तुम्ही विचाराल, आणि विचारलंच आहे, की गुरूच्या दुप्पट ग्रह कुठून आला?

तुमच्या घरात जुनी गादी असेल. वर्षानुवर्षं झोपून आतला कापूस दबून पाटीसारखा झालेला. पिंजाऱ्याकडे नेली की तोच कापूस पिंजून येतो आणि दुप्पट होऊन खोळीत मावत नाही. वजन तेवढंच. माझ्या लेखात ज्याच्याबद्दल लिहिलं तो वास्प-१७बी हा असाच पिंजलेला ग्रह आहे. तो सूर्यमालेबाहेरचा, दूरच्या एका ताऱ्याभोवती फिरणारा, आणि त्या ताऱ्याच्या इतका जवळ आहे की त्याचं वर्ष पावणेचार दिवसांचंही नाही. आपल्या बुधालाही सूर्याभोवती फिरायला ८८ दिवस लागतात, यावरून किती जवळ ते पाहा. त्या आचेत वायू फुगतो. वजन गुरूच्या निम्मं, व्यास गुरूच्या दुपटीजवळ. वरच्या हवेला झळ लागते हे समजण्यासारखं आहे. पण ती ऊब ग्रहाच्या खोल पोटात जाऊन त्याला इतकं फुगवून कशी ठेवते, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत झालेलं नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेला वास्प-१९३बी तर आणखी हलका. त्याची घनता पाण्याच्या सहा टक्क्यांच्या आसपास आहे. शोधणाऱ्यांनी त्याला जत्रेतल्या साखरेच्या कापसाची उपमा दिली, आपल्याकडे लेकरं ज्याला बुढ्ढी के बाल म्हणतात तो.

वास्प-१७बीबद्दल अजून एक, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. नांगरताना काळ्या मातीतून पांढऱ्या, चकाकणाऱ्या गारगोट्या वर येतात ना, ज्या आपण वेचून धुऱ्यावर टाकतो? २०२३ मध्ये अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीला या ग्रहाच्या ढगांमध्ये त्याच गारगोटीचे स्फटिक सापडले, धुळीच्या कणाहूनही कितीतरी बारीक. आपल्या धुऱ्यावरचा दगड तिथे ढगात तरंगतो आहे.

आता ‘कोनी मोजलं नाई’ हे तुमचं म्हणणं. इथे मी तुमच्याशी सहमत नाही, आणि का नाही ते सविस्तर सांगणार आहे.

८ जून २००४ ला, मृग लागता लागता, आमच्या गावात आम्ही पंधरा-वीस जण भर दुपारी एका पांढऱ्या पुठ्ठ्याभोवती उभे होतो. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पुठ्ठ्यावर पाडली होती आणि त्या गोल उजेडावरून एक काळा ठिपका हळूहळू सरकत होता. तो शुक्र होता. ठिपक्याची रुंदी सूर्याच्या बत्तिसाव्या भागाएवढी. जेवढा भाग झाकला तेवढा उजेड कमी झाला, हजारातला एक भाग. आमच्या डोळ्यांना तो फरक कळला नाही, पण यंत्राला कळतो. दूरच्या ताऱ्यांपुढून ग्रह जातात तेव्हा हेच होतं. ठिपका दिसत नाही, फक्त उजेड किंचित कमी होतो आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा तेवढाच कमी होतो. दुरून कुणी आपला सूर्य पाहत असेल तर गुरू आड आल्यावर त्याला शंभरातला एक भाग उजेड कमी दिसेल. उजेड किती घटला यावरून ग्रह ताऱ्याच्या मानानं किती रुंद ते निघतं. वास्प हे नाव ज्या प्रकल्पाचं आहे, त्यानं हे काम कॅनन कंपनीच्या २०० मिलिमीटरच्या लेन्स बसवलेल्या कॅमेऱ्यांनी केलं, छायाचित्रकार वापरतात त्या जातीच्या लेन्स. एक संच स्पेनच्या ला पाल्मा बेटावर होता, दुसरा दक्षिण आफ्रिकेत.

हे ‘ताऱ्याच्या मानानं’ मात्र लक्षात ठेवा, कारण तुमच्या दहा याद्यांचं कोडं बरंचसं त्यातच सुटतं. ताऱ्याचाच आकार चुकला तर ग्रहाचा चुकणारच. वास्प-१७बीचा शोध २००९ मध्ये जाहीर झाला तेव्हा शोधणाऱ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की आकार गुरूच्या दीडपट ते दुप्पट यांच्यामध्ये कुठेतरी आहे. एका यादीनं दीडपट उचललं, दुसरीनं दुप्पट. आमच्या काट्याचीही दर वर्षी तपासणी होऊन त्यावर शिक्का बसतो, तेव्हा त्याच्या आकड्याला किंमत असते. मोजमाप किती खरं आहे हे सांगणं हाही मोजमापाचाच भाग आहे. याद्या बनवणारे तेवढंच गाळतात.

याद्यांमधल्या बाकी घोळाचं थोडक्यात. काही यादीत अगदी कोवळे ग्रह घेतलेले असतात, जे जन्मापासूनच्या उष्णतेनं अजून फुगलेले आहेत आणि पुढे आकसणार आहेत. त्यांचा आकार उजेडावरून आणि गणितावरून काढलेला असतो. एचडी १००५४६ बी याच्यापुढे गुरूच्या जवळजवळ सातपट असा आकडा तुम्ही वाचला असेल. तो धूळ आणि वायूच्या चकतीत रुतलेला आहे, आणि तो आकडा ग्रहाभोवतीच्या चमकणाऱ्या पसाऱ्यासकट धरलेला आहे. बारदान्यासकट वजन केल्यासारखं. काही यादीत तर ग्रह नसलेलेच घुसवतात. गुरूच्या साधारण १३ पट वजनाच्या पुढे पोटात ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळू लागतो. तिथून पुढच्यांना तपकिरी खुजे तारे म्हणायची रीत आहे. म्हणून ‘सगळ्यात जड ग्रह कोणता’ याचं उत्तर त्या १३ पटीच्या कुंपणाशी येऊन थांबतं. आणि ‘अंगानं सगळ्यात मोठा कोणता’ विचाराल तर नीट मोजलेल्यांमध्ये हॅट-पी-६७बी हे नाव मी वरच्या ओळीत ठेवीन. गुरूच्या दुपटीहून थोडा मोठा, आणि वजन गुरूच्या निम्म्याहून कमी. हे वाक्य आता तुम्हाला उलटसुलट वाटणार नाही अशी आशा आहे.

काट्यावर कुणी ठेवलं नाही, हे तुमचं सगळ्यात जोरदार वाक्य. माझी पुतणी दहावीत आहे. तिलाही मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “काका, याचं उत्तर तं मी देऊ शकते.” आणि तिनं दिलं. ते मी माझ्या शब्दांत लिहितो, तुम्ही मोबाइलवर आकडे टाकून पडताळून पाहा.

आपला चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. गुरूचा आयो नावाचा चंद्र गुरूपासून ४ लाख २२ हजार किलोमीटरवर. अंतर जवळपास सारखंच. पण आपल्या चंद्राला एक फेरी करायला २७.३ दिवस लागतात आणि आयोला १.७७ दिवस. एवढ्याच अंतरावरून आयो एवढ्या वेगानं धावतो आणि तरी निसटून जात नाही, म्हणजे त्याला धरून ठेवणारा किती जड असला पाहिजे! न्यूटनचा नियम सांगतो की अंतराचा घन करा, त्याला फेरीच्या काळाच्या वर्गानं भागा, वजन त्या प्रमाणात येतं. २७.३ भागिले १.७७ म्हणजे १५.४. त्याचा वर्ग २३८ च्या आसपास. अंतरं जरा नेमकी धरून ४२१.८ भागिले ३८४.४ म्हणजे १.०९७, त्याचा घन १.३२. दोन्हींचा गुणाकार साधारण ३१४. पुस्तकात गुरूचं वजन ३१८ दिलंय. पुतणी तिथेच अडून बसली, चार कुठे गेले म्हणून. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती सांगतच आली की आपण चंद्राचं वजन धरलंच नाही. चंद्र पृथ्वीच्या एक्याऐंशीव्या भागाइतका आहे आणि तोही पृथ्वीला ओढतो. दोघांचं मिळून धरलं की आकडा ३१८ वर येतो. तिनं तो तीनदा करून पाहिला.

हा अंदाजपंचे नाही, भाऊ. यात काटा आहे, वजनं आहेत, आणि तोलणारी आपल्या गावातली पोरगी आहे.

दूरच्या ग्रहांना चंद्र दिसत नाहीत, तिथे उलटा हिशोब करतात. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तसा तोही ताऱ्याला थोडा ओढतो. आपला गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटरच्या वेगानं हलवतो, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, आपल्या रस्त्यावरच्या एसटीएवढा. ताऱ्याच्या उजेडात हे हलणं मोजता येतं. असं हलणं मोजूनच १९९५ मध्ये मिशेल मायॉर आणि दिदिए केलो यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला. त्याचं वजन निदान गुरूच्या निम्मं भरलं. २०१९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

राहिलं ते शेवटचं, लेकरांच्या उपयोगाचं. कापसाला भाव नाही हे मला तुम्ही सांगायला नको होतं. काट्यावर बसून मी माणसांचे चेहरे पाहिलेत. वजनाची चिठ्ठी हातात घेऊन, मनातल्या मनात गुणाकार करून, बंडीच्या चाकाला टेकून गप्प उभा राहिलेला माणूस मी दर हंगामात पाहिलाय. त्याचं उत्तर माझ्या लेखात नाही. पण त्या माणसाच्या लेकरानं आकाशातलं काय जाणून घ्यावं, हे त्या चिठ्ठीवरच्या आकड्यावर ठरू नये, असं मला मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईच्या लेकरांना दुर्बिणी आहेत, तारांगणं आहेत. आपल्या लेकरांना अंधार आहे. खरा, दाट अंधार, जो शहरात पैसे देऊन मिळत नाही. आणि रात्रीच्या थ्री-फेज लाइनीसाठी जागणाऱ्या तुमच्यापेक्षा जास्त वेळ त्या आकाशाखाली महाराष्ट्रात कोण असतं?

हरभऱ्याला पाणी देताना वर पाहा. २०२५-२६ च्या या हिवाळ्यात गुरू मिथुन राशीत आहे, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ. १० जानेवारी २०२६ ला तो सूर्याच्या बरोबर समोर येतो. सूर्य मावळतो तेव्हा तो पूर्वेला उगवतो आणि रात्री बाराच्या पुढे आपल्या विदर्भात जवळजवळ डोक्यावर असतो. त्या दिवशी तो आपल्यापासून सुमारे ६३ कोटी किलोमीटरवर असेल, त्याच्यावरून निघालेला उजेड ३५ मिनिटांनी आपल्या डोळ्यात येईल. शुक्र या दिवसांत दिसत नाही, त्यामुळे चंद्र सोडला तर रात्रीच्या आकाशात त्याच्याइतकं ठळक दुसरं काही नाही. चुकणार नाही.

माझ्याकडे दहा बाय पन्नासची साधी दुर्बीण आहे. गोठ्याच्या मेढीला टेकवून स्थिर धरली की गुरूच्या दोन्ही बाजूंना ओळीत बारीक ठिपके दिसतात. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये पाहिले तेच चार चंद्र. त्यातला गुरूला सगळ्यात चिकटून असतो तो आयो. एका रात्री तो एका बाजूला दिसला तर दुसऱ्या रात्री दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. पुतणीचा हिशोब त्याच्यावरच उभा आहे. दारव्हा आमच्यापासून लांब नाही. तुमच्या पाळीची रात्र कळवा, मी दुर्बीण घेऊन तुमच्या वावरात येतो. लेकरांना जागं ठेवा.

मूळ लेखात आज दोन दुरुस्त्या केल्या आहेत. युरेनस व्यासानं तिसरा आणि नेपच्यून वजनानं तिसरा, असं आता दोन्हीकडे स्पष्ट लिहिलंय. आणि जिथे जिथे नुसतं ‘मोठा’ होतं, तिथे कोणत्या मापानं ते घातलंय. अजून कुठे राहिलं असेल तर सांगा.